कॉमनवेल्थसारखी मिक्स्ड टीम बॅडमिंटन स्पर्धा आपल्या मंडळात कशी घ्यायची (इंदूरहून, आमच्या चुकांसकट)

ग्लासगोच्या २०२६ च्या कॉमनवेल्थ गेम्समधून बॅडमिंटन काढलं ही बातमी आली तेव्हा आमच्या खेळायच्या ग्रुपवर दोन दिवस नुसतं सुतक होतं. दहाच खेळ ठेवले, हॉकी नाही, कुस्ती नाही, टेबल टेनिस नाही, आणि ज्या खेळात आपल्याला २०२२ ला बर्मिंगहॅमला तीन गोल्ड मिळाली तोही नाही. तिसऱ्या दिवशी एका काकांनी टाकलं, "तिकडे नाही ना, मग अपन इकडे करू." (इंदूरच्या मराठी माणसाचं 'आपण' कधी 'अपन' होऊन जातं त्याचं त्यालाच कळत नाही.) तेव्हापासून आम्ही दोनदा ही स्पर्धा घेतली, एकदा ऑगस्टच्या पावसात आणि एकदा डिसेंबरात, आणि पहिल्या वेळी इतक्या चुका केल्या की त्या कुणाच्या तरी कामी याव्यात म्हणून सगळं बैजवार लिहून काढतोय.

आधी फॉरमॅट ठरवा, बाकी नंतर

मंडळात बॅडमिंटन म्हटलं की लोक सरळ सिंगल्स-डबल्सचा नॉकआउट लावतात आणि मग काय होतं, तर कॉलेजची दोन पोरं सगळ्यांना धुऊन काढतात, अर्धे लोक सकाळी नऊला पहिली मॅच हरून साडेनऊला घरी पोहे खात बसलेले असतात, आणि फायनल बघायला हॉलवाला, त्या पोरांची आई आणि आयोजक एवढेच उरतात. म्हणून टीम इव्हेंट घ्या, आणि त्यातही मिक्स्ड टीम.

मोठ्या गेम्समध्ये तीन तऱ्हा आहेत. ऑलिंपिकमध्ये टीम इव्हेंटच नाही, नुसते पाच वैयक्तिक प्रकार. एशियन गेम्समध्ये पुरुषांची टीम वेगळी, महिलांची वेगळी, आणि प्रत्येक लढतीत तीन सिंगल्स, दोन डबल्स. कॉमनवेल्थमध्ये मिक्स्ड टीम, म्हणजे पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स, पुरुष डबल्स, महिला डबल्स आणि मिक्स्ड डबल्स अशा पाच मॅच, ज्याच्या तीन त्याची लढत. मंडळासाठी हाच फॉरमॅट सोन्यासारखा आहे कारण यात एकटा हिरो काहीच करू शकत नाही. बर्मिंगहॅमची टीम फायनल आठवा, मलेशियाविरुद्ध सिंधूने तिची मॅच जिंकली आणि तरी आपण १-३ हरलो, सिल्व्हरवर बसलो. तीच सिंधू, लक्ष्य सेन आणि पुरुष डबल्सची जोडी सात्विक-चिराग पुढच्या काही दिवसांत आपापली वैयक्तिक गोल्ड घेऊन आले, पण टीममध्ये ते चाललं नाही. आणि उलटंही होतं, २०१८ ला गोल्ड कोस्टला टीम फायनलमध्ये श्रीकांतने चक्क त्यांच्या सुपरस्टार ली चाँग वेईला हरवलं, आपण मलेशियाला ३-१ मारलं, आणि मग वैयक्तिक फायनलमध्ये त्याच ली चाँग वेईने श्रीकांतला हरवून हिशोब चुकता केला. टीमची हवाच वेगळी असते.

एक शब्द आधीच सगळ्यांना समजावून ठेवा. दोन टीमच्या या पाच मॅचच्या लढतीला 'टाय' म्हणतात. आमच्या पहिल्या फॉर्मवर 'प्रत्येक गटात एकूण ३ टाय' असं छापलं होतं, ते वाचून एका काकूंनी विचारलं, "तीन मॅच बरोबरीत सुटणार हे आधीच कसं काय ठरवलं तुम्ही?"

टीम : किती माणसं, आणि बायका किती

इथे थोडं गणित करा. पाच मॅचमध्ये पुरुषांच्या चार जागा भरायच्या (सिंगल्स १, डबल्स २, मिक्स्ड १) आणि बायकांच्याही चारच. एका खेळाडूने एका टायमध्ये जास्तीत जास्त दोन मॅच खेळायच्या असा नियम आम्ही ठेवला, म्हणजे दोन पुरुष आणि दोन बायका एवढ्यावर कागदावर टीम उभी राहते. कागदावर. प्रत्यक्षात दुसऱ्या टायला त्या चौघांचे गुडघे बोलायला लागतात. म्हणून कमीत कमी ३ अधिक ३, आणि शक्यतो ४ अधिक ४ अशी आठ जणांची टीम मागा.

"बायका मिळत नाहीत" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कॅप्टनकडून ऐकावं लागेल, त्याला अजिबात बळी पडू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका कॅप्टनने अट घातली की महिला डबल्सच्या जागी अजून एक पुरुष डबल्स घ्या, आम्ही नाही म्हटलं, तर त्याच टीममध्ये त्याची स्वतःची वहिनी निघाली, शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळलेली, लग्नानंतर अठरा वर्षं रॅकेटला हात नाही, आणि तिने सेमीफायनलमध्ये बॅकहँडने असे क्लिअर (उंच, पार मागच्या लाइनपर्यंत जाणारे फटके) मारले की समोरची पोरगी मागे-मागे जात पडद्यात घुसली. त्या टीमच्या तीन मॅच बायकांमुळे आल्या. पाचपैकी तीन मॅचमध्ये बाई लागतेच, त्यामुळे जो कॅप्टन बायकांच्या प्रॅक्टिसला वेळ देतो तो जिंकतो, एवढं साधं आहे.

टीम कशा पाडायच्या? लिलाव करू नका. मला माहितीये आजकाल सगळीकडे खोट्या पॉइंट्सचा लिलाव करतात आणि मजा येते, पण ज्या काकांना शेवटी कुणीच घेत नाही त्यांचं तोंड बघवत नाही. आम्ही भागानुसार केल्या, राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर, रामबाग आणि सहावी 'बाकी इंदूर', ज्यात विजय नगरपासून राऊपर्यंतचे सगळे आले. पहिल्या वर्षी एका टीमने ऐन वेळी पुण्याचा भाचा आणून उभा केला, म्हणे सुट्टीत आलाय, आणि भाचा निघाला रोज चार तास कोचिंग घेणारा. तेव्हापासून नावं वीस दिवस आधी बंद, आणि खेळाडू निदान सहा महिने इंदूरला राहणारा हवा.

राखीव खेळाडूला कमी समजू नका, हे कॅप्टन लोकांना जरूर सांगा. हांगझोऊ एशियन गेम्समध्ये पुरुषांच्या टीम फायनलला आपण चीनविरुद्ध २-० ने पुढे होतो, लक्ष्य जिंकला, सात्विक-चिराग जिंकले, पण सिंगल्सचा मुख्य खेळाडू प्रणॉय पाठीच्या दुखण्याने बाहेर होता, आणि पुढच्या तिन्ही मॅच गेल्या, २-३. बेंचवर कोण आहे त्याचा निकाल शेवटच्या मॅचला लागतो. दुसरीकडे आपल्या बाजूच्या धारचा प्रियांशू राजावत २०२२ ला थॉमस कप (पुरुषांच्या टीमचा वर्ल्ड कपच म्हणा) जिंकणाऱ्या टीममध्ये होता, फायनलमध्ये इंडोनेशियाला ३-० मारलं त्यात त्याला कोर्टवर उतरायची गरजच पडली नाही, पण कप त्याचाही आहेच की. हे मी आमच्या राखीव पोरांना सांगतो, त्यांना थोडं बरं वाटतं.

वेळेचा हिशोब, म्हणजेच पैशाचा हिशोब

सहा टीम, तीन-तीनचे दोन गट. एका गटात तीन टाय, दोन गटांत सहा, प्रत्येक टायला पाच मॅच म्हणजे तीस. त्यानंतर दोन सेमी आणि एक फायनल, तीन टाय, जास्तीत जास्त पंधरा मॅच. एकूण ४५.

आता प्रत्येक मॅच तीनपैकी दोन गेम, २१ पॉइंटची ठेवली तर चाळीस मिनिटं धरा, तुम्ही दोन दिवसांत उठतच नाही. आम्ही लीगला, म्हणजे गटातल्या मॅचना, एकच गेम ठेवला, २१ चा, २० ऑल (दोघांचेही वीस) झाले तर दोनचा फरक लागतो आणि २९ ऑल झाले तर तिसावा पॉइंट ज्याचा त्याची मॅच, जसं मोठ्या स्पर्धांत असतं तसंच. वॉर्मअप आणि "अरे तो कुठे गेला, पार्किंगमध्ये आहे" धरून मॅचला वीस मिनिटं. तीस मॅच म्हणजे सहाशे मिनिटं, दोन कोर्टवर पाच तास. सेमी-फायनल दुसऱ्या दिवशी, तिथे तीनपैकी दोन गेम पण पंधराचे, मॅचला अर्धा तास धरा. ते पंधरा मॅचचे साडेसात तास झाले, दोन कोर्टवर पावणेचार, आणि खरं तर कमीच लागतात कारण नॉकआउटमध्ये तीन मॅच एकाच्या झाल्या की टाय तिथेच थांबवायची.

लीगमध्ये मात्र थांबवायची नाही! ३-० झालं तरी उरलेल्या दोन मॅच खेळवायच्याच. मोठ्या गेम्समध्येही गटात पाचही मॅच होतात, म्हणूनच पाकिस्तानविरुद्ध बर्मिंगहॅममध्ये आपला स्कोर ५-० दिसतो, आणि फायनलचा १-३ वर थांबलेला दिसतो, तिथे मिक्स्ड डबल्स झालीच नाही. कारण गटात मॅचचा फरक मोजावा लागतो. ते कशाला, हे पुढे सांगतो, कारण तिथेच आमची सगळ्यात मोठी फजिती झाली.

हॉल बुक करताना भाडं तासावर आहे की कोर्टावर, लाइट लावल्यापासून मोजतात की खेळ सुरू झाल्यापासून, हे लिहून घ्या. आम्हाला तीन कोर्ट सांगून सकाळी दोनच मिळाले, तिसऱ्यावर म्हणे कोचिंगची बॅच आहे, तेव्हापासून मी दोनच कोर्ट धरून चालतो आणि तिसरं मिळालं तर प्रॅक्टिसला. अजून एक, हॉल बघायला जाल तेव्हा ज्या वेळी स्पर्धा आहे त्याच वेळी जा. संध्याकाळी बघून आलो तर सगळं छान होतं, आणि सकाळी साडेनऊला पूर्वेच्या खिडक्यांतून असं ऊन आलं की त्या बाजूला खेळणाऱ्याला शटल दिसतच नव्हतं. दोन जुन्या चादरी आणि सुतळी बरोबर ठेवा. पंखे बंद. बायका-मुलं बघायला बसतात तिथे उकडतं, ओरडा होतो, पण पंखा चालू असला की टॉस (उंच उडवलेलं शटल) डोक्यावर न जाता शेजारच्या कोर्टवर जातो. पावसात मॅटवर ओल धरते, तेव्हा दोन कोरडे पोछे आणि एक माणूस फक्त त्या कामाला.

नेट स्वतः मोजा. मधोमध १.५२४ मीटर, खांबांपाशी १.५५. हॉलची नेट नेहमी मध्ये लोंबलेली असते आणि त्याचा फायदा नेटवर खेळणाऱ्याला होतो, मग बाकीचे ओरडतात.

बरोबरी झाली तर : हे आधी लिहा, सही घ्या

तीन टीमच्या गटात एक गोष्ट हमखास होते. पहिलीने दुसरीला हरवलं, दुसरीने तिसरीला, तिसरीने पहिलीला. आमच्याकडे पहिल्याच वर्षी झालं, आणि तेही कसं, तर तिन्ही टायचा निकाल ३-२. म्हणजे तिघांचाही एक टाय जिंकलेला, एक हरलेला, पाच मॅच जिंकलेल्या, पाच हरलेल्या. आता पुढे कोण? नियम आम्ही लिहिलाच नव्हता. कुणी म्हणे पॉइंटचा फरक काढा, ठीक, कागद काढले, तर दोन स्कोरशीटवर पॉइंटच नाहीत! अंपायरला बसवलेल्या दोन पोरांनी जो जिंकला त्याच्या नावापुढे फक्त बरोबरची खूण केली होती. रात्री सव्वादहाला तीन कॅप्टन, दोन मध्यस्थ आणि एक माजी बँक मॅनेजर (ते दर वेळी हिशोबाला पुढे येतात) आठवणीतून स्कोर जुळवत होते, "अरे २१-१६ होता तो", "नाही भिया, सतरा, मी मोजले होते", आणि वॉचमनने पावणेअकराला अर्धे लाइट बंद केले. शेवटी चिठ्ठी टाकली. ज्यांची चिठ्ठी नाही निघाली त्यांनी दोन महिने ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

तर क्रम असा लिहा. आधी जिंकलेल्या टाय. दोनच टीम बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसातल्या टायमध्ये जिंकलेली पुढे. तीन टीम अडकल्या तर जिंकलेल्या-हरलेल्या मॅचचा फरक, तोही सारखा तर पॉइंटचा फरक, आणि मधे कुठे दोनच टीम उरल्या की पुन्हा त्यांची आपसातली टाय बघायची. सगळ्यात शेवटी चिठ्ठी. कुणी मॅच अर्धवट सोडली तर समोरच्याला २१ आणि सोडणाऱ्याचे जेवढे झाले तेवढे, टीमचा खेळाडू आलाच नाही तर २१-०. हे एका पानावर, सगळ्या कॅप्टनची सही, आणि पान हॉलच्या दारावर चिकटवा.

आणि मुद्दाम हरणं. हसू नका, होतं. लंडन २०१२ ला महिला डबल्समध्ये पहिल्यांदाच गट ठेवले होते, चीनच्या एका जोडीला आपल्याच देशाची दुसरी जोडी लवकर समोर नको होती, म्हणून ते नि समोरचे, दोघेही नेटमध्ये सर्व्हिस मारत बसले, प्रेक्षकांनी हुर्यो केली, आणि शेवटी चीन, इंडोनेशियाची एकेक आणि दक्षिण कोरियाच्या दोन अशा चार जोड्या, आठ खेळाडू, ऑलिंपिकमधून बाहेर काढले. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन मॅच जिंकूनही गटातच राहिल्या, कारण तीन जोड्या दोन-दोन विजयांवर अडकल्या आणि फरकाच्या हिशोबात या मागे पडल्या. म्हणजे ऑलिंपिकमध्येसुद्धा हाच घोळ. आमच्याकडे उपाय साधा आहे, दोन्ही गटांच्या शेवटच्या टाय एकाच वेळी, शेजारशेजारच्या कोर्टवर. मग कुणाला कुणाचा निकाल बघून आपला खेळ ठरवता येत नाही. निदान सोपं जात नाही.

ड्रॉ आणि लाइनअप

ड्रॉसाठी स्टीलचा डबा, आमच्या घरचा साबुदाण्याचा आहे. मागच्या वेळच्या फायनलच्या दोन टीम दोन वेगळ्या गटांत आधीच टाका, बाकीच्या चार चिठ्ठ्या एखाद्या लहान पोराकडून, सगळ्या कॅप्टनसमोर. ऑनलाइन ड्रॉ वगैरे करू नका, लोकांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

टीम इव्हेंटचा जीव खरा लाइनअपमध्ये असतो. प्रत्येक टायच्या अर्धा तास आधी दोन्ही कॅप्टननी पाच मॅचला कोण खेळणार ते कागदावर लिहून, घडी घालून, त्याच डब्यात टाकायचं, आणि दोघांचे पडले की एकदमच उघडायचे. पहिल्या वर्षी आम्ही ग्रुपवर पाठवायला सांगितलं होतं, तर जो उशिरा पाठवतो तो समोरच्याचं बघून बदलतो. एका कॅप्टनने तर पाठवून, डिलीट करून, दुसरं पाठवलं आणि म्हणाला टायपो होता.

पाच मॅच कोणत्या क्रमाने खेळवायच्या हे कॅप्टनच्या हातात देऊ नका, तो निर्णय मॅच कंट्रोलचा, म्हणजे तुमचा. कागद उघडले की आधी बघा कोण दोन मॅच खेळतंय, आणि त्याच्या दोन मॅच जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवा. समजा एका टीमची मुलगी सिंगल्स आणि मिक्स्ड खेळतेय, आणि समोरच्या टीमचा मुलगा पुरुष डबल्स आणि मिक्स्ड. मग महिला सिंगल्स आणि पुरुष डबल्स आधी, दोन कोर्टवर बरोबरच लावा, मग पुरुष सिंगल्स, महिला डबल्स, आणि मिक्स्ड शेवटी. दोघांनाही दम खायला वेळ मिळतो आणि कुणाला पक्षपात म्हणता येत नाही. निदान अर्धा तास विश्रांती हा आमचा आकडा आहे, त्याच्याखाली जाऊ नका, विशेषतः चाळिशीच्या पुढच्यांना.

मी एकदा मिक्स्ड पाचवी ठेवली आणि टाय २-२ वर आली. एका बाजूला साठीचे काका आणि त्यांची सून, दुसऱ्या बाजूला इंजिनीअरिंगचा एक पोरगा आणि एक पोरगी. १९ ऑलला काकांनी सर्व्हिस इतकी हळू, नेटला चाटून टाकली की पोरगा पुढे यायचं का नाही ह्याच विचारात राहिला. हॉलमध्ये जो आवाज झाला तो मी अभय प्रशालमध्येसुद्धा (आमचं इंदूरचं इनडोअर स्टेडियम) क्वचित ऐकलाय.

शटल

इथे कंजुषी केली की स्पर्धा गेली. आधी ठरवा पिसांची का नायलॉन, आणि ठरवलं की सगळीकडे तीच, लीगला नायलॉन आणि फायनलला पिसं असं करू नका, दोन्हींचा वेग आणि पडण्याची तऱ्हा वेगळी, हात बसलेला असतो तो बिघडतो. नायलॉनमध्ये योनेक्सचं मॅव्हिस ३५० चालतं, त्यात हिरव्या पट्टीचं हळू, निळ्याचं मध्यम, लाल पट्टीचं जोरात. पिसांच्या डब्यावर ७६, ७७, ७८ असे आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकं शटल जास्त पळतं. गरम हवेत आणि उंचीवर शटल जास्त लांब जातं, इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून मुंबईच्या दुकानदाराचा सल्ला इथे तसाच लावू नका. आम्ही उन्हाळ्यात ७६ वापरतो, डिसेंबरच्या थंड सकाळी तेच ७६ मागच्या लाइनपर्यंत पोचेना, मग ७७ आणलं.

पण आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा टेस्ट करा, नियमातच आहे. मागच्या लाइनवर उभं राहून खालून पूर्ण जोरात, वरच्या दिशेने, साइडलाइनला समांतर मारायचं. शटल समोरच्या मागच्या लाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर बरोबर. आम्ही कोर्टवर त्या दोन अंतरांवर रंगीत टेपच्या दोन बारीक पट्ट्या लावतो, आणि प्रत्येक नव्या डब्यातलं एक शटल दोघांकडून मारून बघतो. एकच माणूस असला तर त्याच्या हाताच्या जोरावर सगळं जातं.

डिसेंबरात पिसं कोरडी पडून पहिल्याच स्मॅशला तुटतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढा, चहाच्या पातेल्यात पाणी उकळा, डबा वाफेवर आडवा नाही, उभा धरा, पाच-सात सेकंद खालून वर वाफ जाऊ द्या, बस्स. मग बुच वरच्या बाजूला येईल असा डबा उभा ठेवून द्या सकाळपर्यंत. जास्त वेळ धरलं तर शटल भिजून जड होतं आणि बुचाचा गोंद सुटतो, माझा एक अख्खा डबा असा गेला आणि बायको म्हणाली उकडीचे मोदक चांगले जमतात तुला.

किती लागतील? लीगच्या एका गेमला दोन, नॉकआउटच्या मॅचला चार धरले तर आमचे नऊ डझन लागले, दहा डबे घ्या. न उघडलेला डबा परत घेणारा दुकानदार शोधा, असतात असे, आधी बोलून ठेवायचं.

अंपायर, सर्व्हिस आणि भांडणं

जी टीम खेळत नाहीये ती अंपायर आणि दोन लाइनमन देईल, हे नियमाच्या पानावरच टाका. स्कोरशीटवर प्रत्येक मॅचचे दोन्ही आकडे लिहिलेच पाहिजेत (का ते वर वाचलंत). अंपायरला चार वाक्यं पाठ करायला लावा, डाव्या-उजव्या बाजूच्या खेळाडूंची नावं, कोण सर्व्ह करणार, "लव्ह ऑल, प्ले", आणि सर्व्हिस बदलली की "सर्व्हिस ओव्हर". पंधरा वर्षांची पोरगी खुर्चीवर बसून खणखणीत आवाजात "लव्ह ऑल, प्ले" म्हणते तेव्हा साठीचे काकासुद्धा नीट उभे राहतात. अकरा पॉइंटला साठ सेकंद, दोन गेमच्या मधे दोन मिनिटं, त्याच्या वर एक सेकंद नाही, नाहीतर कोणी बाहेर जाऊन शिकंजी पिऊन येतं.

सगळ्यात जास्त भांडण सर्व्हिसच्या उंचीवरून होतं. जुना नियम कमरेच्या खाली असा होता, आणि प्रत्येकाची कंबर वेगळी, काहींची तर कुठे आहे तेच कळत नाही. २०१८ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये ठरावीक उंची आली, मारताना अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली पाहिजे. आम्ही सुताराकडून १.१५ मीटरच्या दोन काठ्या आणि खाली पाट असा स्टँड करून घेतला, दोन्ही काठ्यांच्या टोकाला सुतळी ताणलेली, सर्व्हिस तपासणारा माणूस त्याच्या मागे बुटक्या स्टुलावर बसतो आणि डोळा सुतळीच्या रेषेत धरून बघतो. शटल सुतळीच्या वर दिसलं, फॉल्ट. कार्यक्रमभर एकच माणूस ते काम करेल असं बघा, आणि तो कमी बोलणारा असावा.

लाइनचा निर्णय लाइनमनचा. आपल्याकडे रिव्ह्यूचा कॅमेरा नाही, मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवायला आलेल्या मामांना चहा द्या आणि बसवा.

त्या दिवशी

बर्फ, क्रेप बँडेज, ओआरएस आणि ओळखीतला एक डॉक्टर, निदान फोनवर उचलणारा. नॉन-मार्किंग बूट नसलेल्याला कोर्टवर सोडू नका, मग तो कुणाचाही जावई असो. नाश्त्याला पोहे चालतील, सेव-जिरावण घालून, पण कचोऱ्या फायनलनंतर, आमच्या एका डबल्स जोडीने सेमीच्या आधी दोन-दोन खाल्ल्या आणि दुसऱ्या गेमला दोघेही कमरेवर हात ठेवून छताकडे बघत होते.

पाहुण्यांचं भाषण उद्घाटनाला ठेवू नका. पहिल्या वर्षी आम्ही पाहुण्यांसाठी पन्नास मिनिटं थांबलो, दोन कोर्टचं भाडं चालू, पोरं वॉर्मअप करून थंड झाली, आणि पाहुणे आल्यावर म्हणाले मला बॅडमिंटनमधलं काही कळत नाही. आता त्यांना थेट बक्षिसाला बोलावतो, तेही फायनलच्या पाचव्या मॅचच्या अंदाजाने, आणि मॅच चालू असेल तर तेही बसून बघतात.

मेडल आठ नाही, प्रत्येक टीमच्या यादीत जितकी नावं तितकी करून घ्या, राखीव धरून. त्याच रात्री हिशोब ग्रुपवर टाका, शटलच्या बिलाचा फोटो लावून. वापरलेली शटल फेकू नका, त्यातली अर्धी अजून चालतात, आमच्याकडे रविवारी सकाळी शिकायला येणाऱ्या मुलांना एक पिशवी भरून देतो, आणि तो साबुदाण्याचा डबा घरी परत न्यायचा असतो, नाहीतर एकादशीला शोधाशोध होते.